जुने संगणक आणि कात्रीचे राजकारण

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या कार्यप्रणालीचा आधार काढून घेतला. पुरोगामी वर्तुळात या घटनेची दखल फारशी कोणी घेतली नाही. संगणक हा तरुण तंत्रज्ञांचा विषय, श्रमिकांच्या राजकारणाशी त्याचा काय संबंध, अशी समजूत अजूनही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र सुरू होताच त्याचा ताबा घेणारी आणि इतर सर्व आज्ञावल्यांना काम वाटून देणारी मूळ आज्ञावली. तिची वेळोवेळी दुरुस्ती थांबली की यंत्र बंद पडत नाही. पण चोरांना दार उघडे राहते, नव्या आज्ञावल्या हळूहळू त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि दोनचार वर्षांत धडधाकट यंत्र घरातली अडगळ होऊन बसते.

मग 'विंडोज ११' का घालू नये? कारण तिचे दार सर्वांना खुले नाही. २०२१ साली ती बाजारात आली तेव्हाच कंपनीने अट घातली की यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चिप हवी आणि प्रक्रियक साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा हवा. त्याआधीचे यंत्र कितीही सुस्थितीत असो, त्याला प्रवेश नाही. ज्यांना मुदत हवी त्यांच्यासाठी एका वर्षाची वाढीव सोय ठेवली गेली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता की या एका निर्णयापायी जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्याच्या वाटेला लागू शकतात. हा अंदाज समाजवाद्यांचा नाही, बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्यांचा आहे.

काळाचौकीला ही गोष्ट नवी वाटू नये. 'यंत्र जुनाट झाले' हे वाक्य या वस्तीने एकदा पुरेपूर ऐकले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद होताना जी कारणे पुढे केली गेली त्यांत जुनाट यंत्रसामग्रीचे कारण नेहमी अग्रभागी असे. ती यंत्रे जुनाट का राहिली, नफा यंत्रांत न घालता अन्यत्र का वळवला गेला, हा प्रश्न विचारणाऱ्यांना आडमुठे ठरवण्यात आले. आणि त्याच सुमारास काय घडत होते? मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत जाऊन पोहोचत होते आणि तेथे दिवसरात्र कापड विणत होते. मजुरी तुटपुंजी, पाळी बारा तासांची, संघटना जवळजवळ नाहीच. तेव्हा भिवंडीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट तिने निर्विवाद सिद्ध केली. जो माग लालबागमध्ये भंगार होता तो पन्नास किलोमीटरच्या आत उत्पादक होता. माग तोच होता. भंगार हा शब्द त्याला चिकटवणारे हितसंबंध वेगळे होते.

मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात यंत्राच्या दोन प्रकारच्या झिजेचा विचार केला आहे. एक भौतिक झीज, वापराने किंवा न वापरल्याने होणारी. दुसरीला त्याने नैतिक घसारा म्हटले : अधिक चांगले किंवा स्वस्त यंत्र बाजारात आल्यामुळे जुन्याचे मूल्य घटणे. मार्क्सच्या काळी या दुसऱ्या घसाऱ्यामागे निदान नव्या यंत्राची खरी सरशी असे. आज जे घडते आहे त्याला नवा प्रकार मानावा लागेल. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, शाळेचा अर्ज भरणे, चित्रफीत पाहणे ही कामे २०१४ च्या संगणकावर २०१४ साली होत होती तशीच आजही होऊ शकतात. नवे यंत्र ती कामे अधिक चांगली करते म्हणून जुने मूल्यहीन झाले, असे नाही. जुन्याचा आधार आज्ञेने काढून घेतला म्हणून ते मूल्यहीन झाले. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १९२१ च्या सुमारास उत्पादनक्षमता जाणूनबुजून रोखून धरण्याच्या उद्योगपतींच्या रीतीला घातपात हाच शब्द लावला होता. त्याच दशकात, १९२४-२५ मध्ये, युरोप-अमेरिकेतील बड्या दिवा-कंपन्यांनी फीबस नावाची युती करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि अधिक टिकाऊ दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड ठोठावला. दिव्याच्या तारेत निदान काही भौतिक मर्यादा तरी होती. आज्ञावलीला तीही नाही.

या घातपाताला जगात कोणी उत्तर दिले आहे काय? दिले आहे, आणि ते कोणत्याही सरकारने दिलेले नाही. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या शेकडो आवृत्त्या जगभरचे स्वयंसेवक तयार करतात. त्यांतील काही थोड्यांनी एकच व्रत घेतले आहे : प्रणाली लहान ठेवायची, म्हणजे जुन्या यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत ती मावेल. टायनी कोअर ही प्रणाली वीस मेगाबाइटच्या आसपास जागेत उभी राहते. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेली पपी लिनक्स संपूर्णपणे यंत्राच्या स्मृतीत चढून चालते, चकती असो वा नसो. ग्रीसमधून चालणाऱ्या अँटिएक्सचा प्रमुख तर 'अँटिकॅपिटलिस्टा' या टोपणनावानेच वावरतो. त्याने २०१३ च्या आवृत्तीला 'लडाइट' हे नाव दिले. नॉटिंगहॅमच्या विणकरांनी १८११ साली माग फोडले ते यंत्राच्या द्वेषापायी नव्हे, यंत्र कोणाच्या हितासाठी चालावे या प्रश्नापायी, हे इतिहासाचे आकलन त्या नावामागे आहे. गिरणगावाच्या वारसांनी या नावाला परके मानू नये.

येथवर सर्व सुखावह आहे. पण समाजवाद्याने आपल्या मित्रांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. लहान राहणे आणि जुन्या यंत्रांना सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच दिशेने चालत नाहीत. जुनी यंत्रे नाना तऱ्हेची असतात. प्रत्येकाचे चित्रपत्र वेगळे, बिनतारी जोडणीचा भाग वेगळा, आणि त्या प्रत्येकाला ओळखणारी वेगळी आज्ञावली प्रणालीत हवी. १९९४ साली लिनक्सच्या गाभ्याची १.० क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हा त्यात पावणेदोन लाखांच्या आसपास ओळी होत्या. २०२५ च्या आरंभी ती संख्या चार कोटींच्या घरात गेली, आणि त्यातला मोठा वाटा अशा उपकरण-चालकांचाच आहे. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांत भरावयाच्या बंदिस्त आज्ञावल्यांचा गठ्ठा वेगळा. त्याचेच वजन शेकडो मेगाबाइट भरते. सर्वांना सांभाळावे तर प्रणाली फुगते. लहान ठेवावी तर कोणाला तरी दाराबाहेर उभे करावे लागते. डॅम स्मॉल लिनक्सचे उदाहरण बोलके आहे. एके काळी ही प्रणाली पन्नास मेगाबाइटमध्ये मावे. २०२४ साली तिचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा तिच्या कर्त्याने मर्यादा ठेवली ७०० मेगाबाइटची, म्हणजे एका सीडीची. आणि एवढ्यातही बसवण्यासाठी मूळ संहिता, मदतपत्रे, माहितीपत्रके यांना कात्री लावून ती नंतर परत मिळवण्याची वेगळी सोय करावी लागली.

तेव्हा प्रश्न कात्रीचा आहे. काय कापायचे हे कोण ठरवतो?

लहान प्रणाली बनवणारे बहुतेक जण युरोप-अमेरिकेतले किंवा तेथील भाषा लिहिणारे. जागा वाचवायची वेळ आली की त्यांची कात्री प्रथम जिथे जाते ते ठिकाण म्हणजे इतर भाषांची अक्षरे आणि भाषांतरे. यात दुष्टावा नाही. जे स्वतःला लागत नाही ते माणूस आधी टाकतो. पण परिणाम काय होतो? अत्यंत लहान प्रणाली घातलेल्या यंत्रावर मराठी बातमी उघडली तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा दिसतात. अक्षरे परत आणण्याची सोय आहे, हे खरे. मात्र ती कशी आणावी याच्या सूचना इंग्रजीत आहेत, आणि ज्याला इंग्रजी सफाईने वाचता येत नाही त्यालाच ती अक्षरे हवी आहेत. लोहित देवनागरी हा मुक्त टंक एक मेगाबाइटसुद्धा जागा खात नाही. इनस्क्रिप्ट या कळफलकाचा नकाशा तर मजकुराची काही पानेच. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीची लिपी एका मेगाबाइटसाठी बाहेर राहते आणि कोणा कंपनीच्या चित्रपत्राचा शेकडो मेगाबाइटचा बंदिस्त गठ्ठा निमूट आत बसतो, याला तांत्रिक निकड म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे. ही प्राधान्याची निवड आहे, आणि प्राधान्य ठरवणाऱ्यांच्या बैठकीला आपण कधी गेलोच नाही. तेथे प्रवेशशुल्क नाही, बोलावणेही लागत नाही. तरी गेलो नाही.

दुसरी कात्री अधिक गंभीर आहे. डेबियन ही अनेक लहान प्रणालींची जननी. तिची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी, योगायोगाने क्रांतिदिनीच, प्रसृत झाली. तीत ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर प्रणाली नव्याने बसवण्याची सोय आणि त्यांच्यासाठीचा गाभा काढून टाकण्यात आला. त्याआधी २०२३ च्या बाराव्या आवृत्तीने गिओड नावाच्या छोट्या प्रक्रियकालाही निरोप दिला होता. महाराष्ट्राने हा प्रक्रियक पाहिला आहे. २००७ साली 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत परिसरातल्या खैरात येथील शाळेत झाला, तेव्हा मुलांच्या हातात आलेल्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत तोच बसवलेला होता : वेग ४३३ मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ मेगाबाइट. त्या यंत्रांच्या आगमनाची छायाचित्रे छापून आली. अशी यंत्रे पाच-दहा वर्षांनी कोण चालती ठेवणार, त्यांची प्रणाली कोण लहान ठेवणार, याची तरतूद मात्र अशा योजनांत कधी नसते. दानाला छायाचित्र असते, देखभालीला नसते.

डेबियनच्या स्वयंसेवकांना दोष द्यावा काय? नाही. ते सांगतात की ३२ बिटांची यंत्रे तपासणारे हात उरले नाहीत. फुकट राबणाऱ्याला अधिक राब असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही, समाजवाद्याला तर नाहीच. ज्या श्रमावर कोट्यवधींची सोय उभी आहे तो श्रम बिनपगारी आहे, हेच मूळ दुखणे आहे. जुन्या यंत्राची देखभाल हे सार्वजनिक काम आहे आणि सार्वजनिक कामाचे वेतन सार्वजनिक तिजोरीतून दिले गेले पाहिजे.

येथे एक पथ्य मात्र पाळावयास हवे. जुनेपणाचे स्तोम माजवू नये. ४८६ प्रक्रियकाला लिनक्सच्या गाभ्यातून निरोप देण्याचे प्रस्ताव २०२५ साली आले. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या क्रमांक २ व ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आखली आहे. संग्रहालयाची जागा संग्रहालयाला द्यावी. पेंटियम ४ च्या जमान्यातला संगणक तर कामाच्या मानाने एवढी वीज खातो की गरिबाच्या घरात तो चालवणे हा तोट्याचाच व्यवहार. लढाई त्या यंत्रांसाठी नाही. ती आहे साधारण २००८ ते २०१७ या दशकातल्या, दोन किंवा चार गिगाबाइट स्मृतीच्या, ६४ बिटांच्या यंत्रांसाठी. कार्यालयांतून निघून, लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून फिरत, हीच यंत्रे अभ्युदयनगरच्या आणि घोडपदेवच्या खोल्यांत येतात. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतीचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा केंद्रांकडे वळला आणि सामान्य ग्राहकासाठी तिच्या किमती भडकल्या. म्हणजे जुन्या यंत्रात स्मृतीची एक पट्टी वाढवून वेळ मारून नेण्याचा गरिबाचा मार्गही महागला. अशा वेळी प्रणाली लहान असणे हा हौशी लोकांचा खेळ राहत नाही.

आणि प्रणाली लहान केली तरी भागते असेही नाही. आज यंत्राची स्मृती खातो तो ब्राउझर, आणि ब्राउझरला फुगवतात ती संकेतस्थळे. गूगलने ३२ बिटांच्या लिनक्ससाठी क्रोम देणे २०१६ सालीच थांबवले. मोझिलाने फायरफॉक्सची नियमित आवृत्ती २०२५ च्या अखेरीस थांबवली. पण खासगी कंपन्यांच्या दारात गाऱ्हाणे मांडण्यापूर्वी आपल्या सरकारचे दार पाहावे. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत, २०२५ पासून ते राज्यभर झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, दाखले 'आपले सरकार'वर. नागरिकाला सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने २०१५ साली केला. मग ती सेवा कोणत्या किमान यंत्रावर मिळाली पाहिजे हे त्या हक्काचेच अंग नव्हे काय? अर्जात माहिती भरावयाची असते नाव, गुण, जात, उत्पन्न एवढीच. एका साध्या पानाचे हे काम. ते करताना दोन गिगाबाइटचे यंत्र धापा टाकत असेल तर दोष यंत्राचा नसून ते पान लिहिणाऱ्या कंत्राटदाराचा आहे. मग विद्यार्थी फेरी चुकू नये म्हणून सायबर कॅफेत जातो आणि फुकट असलेल्या अर्जाचे पैसे मोजतो. या वसुलीची पावती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

काही करता येण्यासारखे नाही, असे सरकारने म्हणू नये. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ पासून 'बॉस' ही भारतीय भाषांना सांभाळणारी लिनक्स प्रणाली सार्वजनिक पैशातून काढली आहे. म्हणजे ज्ञान आहे, माणसे आहेत. जुन्या यंत्रासाठी, देवनागरीसह, ठरावीक मर्यादेत राहणारी हलकी आवृत्ती सलग दहा वर्षे चालवण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्याची इच्छा तेवढी दिसत नाही. केरळने शाळांत मुक्त प्रणाली रुजवली ती एखाद्या परिपत्रकाने नव्हे. शिक्षकांना शिकवून, आपल्या भाषेत, आपली आवृत्ती आपण बांधून. महाराष्ट्रात मात्र २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून पिढ्यानपिढ्या घडल्या त्या मुख्यतः एकाच कंपनीच्या खिडकीतून संगणकाकडे पाहत. ज्याने दुसरी खिडकी पाहिलीच नाही तो पहिली बंद झाल्यावर नवे घर विकत घेण्याचाच विचार करणार.

आता आपल्याच घरात डोकावू. निवडणूक आली की टॅब्लेट-लॅपटॉप वाटण्याची आश्वासने सर्वच पक्ष देतात, आणि डाव्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. वाटप हे समाजवादाचे अर्धेच अंग आहे. वाटलेल्या यंत्राची चावी परदेशी कंपनीच्या हाती ठेवणे म्हणजे जमीन कुळाला देऊन विहीर सावकाराकडे ठेवणे होय. दुसरी अडचण अधिक अवघड आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लालबाग-काळाचौकीच्या गल्ल्यांत लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तके, शोकफलक जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांचे पोट श्रीलिपीसारख्या टंकांवर आणि विंडोजवरच चालणाऱ्या जुन्या पेजमेकर-कोरलड्रॉवर आहे. वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोडपूर्व अक्षरांत अडकलेला आहे. पुरोगामी नियतकालिकांची जुळणीही याला सर्वस्वी अपवाद नाही. अशा कारागिराला 'उद्यापासून लिनक्स वापर' असा उपदेश करणे हा भद्रलोकी उद्धटपणा ठरेल. त्याचे जुने यंत्र आंतरजालापासून तोडून जुळणीपुरते तसेच चालू द्यावे आणि बँकेचे, कराचे, पत्रव्यवहाराचे काम दुसऱ्या जुन्या यंत्रावर हलकी प्रणाली घालून करावे, असा मधला मार्ग त्याला दाखवता येतो. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम सावकाश, त्याच्या धंद्याच्या मंदीच्या महिन्यांत करावे लागेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे याबद्दल फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पपी किंवा अँटिएक्स पेनड्राइव्हवरून चालू करून पाहता येते. यंत्रातील मूळ प्रणालीला हात लावावा लागत नाही. अँटिएक्स तर पूर्ण, मूळ, गाभा आणि जाळे अशा चार आकारांत मिळते, तेव्हा यंत्र पाहून आकार निवडता येतो. त्यात लोहित टंक आणि मराठी कळफलक घालून, पहिल्या पडद्यावरच्या सूचना मराठीत लिहून, एक प्रत सिद्ध करणे हे दोन जाणत्या तरुणांचे काही आठवड्यांचे काम आहे. मात्र दर सहा महिन्यांनी ती ताजी करण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी टाकलेली हवी, नाहीतर खैरातचीच पुनरावृत्ती. ती प्रत ७०० मेगाबाइटच्या आत ठेवावी. कात्री चालवावी लागेल तेव्हा शोभेची चित्रे, दुसरा-तिसरा ब्राउझर, खेळ, कोणाकडेही नसलेल्या महागड्या चित्रपत्रांचे गठ्ठे यांवर चालवावी. लिपीवर नाही, जुन्या बिनतारी जोडणीच्या चालकावर नाही. विभागातील व्यायामशाळा, वाचनालय, गणेशोत्सव मंडळाची खोली, जेथे पाच यंत्रे आणि एक वीजजोडणी आहे तेथे हे काम होऊ शकते. आणि सरकारकडे मागणी एकच, पण नेमकी असावी : अकरावी प्रवेश, महाडीबीटी आणि 'आपले सरकार' ही तिन्ही संकेतस्थळे दोन गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर, मुक्त ब्राउझरमध्ये, मराठीत चालवून पाहिल्याचे प्रमाणपत्र दिल्याखेरीज कंत्राटदाराचे देयक मंजूर होता कामा नये. चाचणीसाठी लागणारे यंत्र काळाचौकीतून पुरवता येईल.